आजोबा आणि नातू एकाच नोंदीत मिसळले. ग्रॅम्प्समधील वंशावळ आता कशी सोडवावी?

अंत्रुजकर, फोंडा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण तपशील न देता विचारला तर उत्तर देणाऱ्यांचाच वेळ जाईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे घराणे मूळचे गोव्यातल्या साष्टीतील केळशीचे. सोळाव्या शतकात देवी शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, त्याच धामधुमीत आमचे पूर्वजही अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, येऊन राहिले, असे घरात सांगतात. त्याचा कागद कोणाकडेच नाही. कागद सुरू होतात ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. वडिलांच्या चुलत्यांनी एका लांबट वहीत वंशावळ लिहून ठेवली होती. गेल्या चतुर्थीला भाऊबंद मूळ घरी जमले, तेव्हा ती वही माझ्या हवाली झाली आणि तिच्यातील नोंदी मी ग्रॅम्प्स या वंशावळ ठेवण्याच्या संगणक-प्रणालीत चढवायला घेतल्या. वहीखेरीज देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या, कॅटलॉगाचा उतारा आणि सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीतून काढलेले काही जन्मदाखले, एवढा ऐवज हाताशी आहे. आजमितीस फाइलमध्ये ६१२ व्यक्ती आहेत.

घोळ माझ्याच हातून झाला. मुंबईच्या चुलतभावाने त्याच्या शाखेची वंशावळ दुसऱ्या एका प्रणालीत केली होती, ती त्याने जेडकॉम (वंशावळी एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचे सामाईक स्वरूप) फाइल करून पाठवली आणि मी ती चालू वंशावळीतच आयात केली. आयात करताना ग्रॅम्प्स जुन्या व्यक्तींशी नव्यांची जुळणी करीत नाही, हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे सामाईक पूर्वज सगळे दुहेरी झाले. मग संभाव्य दुहेरी व्यक्ती शोधून देणारे साधन चालवले आणि एका रात्री बसून सत्तरेक जोड्या एकत्र केल्या. पहिल्या दहा-पंधरा जोड्या नीट ताडून पाहिल्या. पुढे डोळे जड होऊ लागले, तसा नाव आणि बापाचे नाव जुळले की ‘मर्ज’चे बटण दाबत गेलो.

आमच्या शाखेत थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. केशवाचा विठोबा, विठोबाचा केशव, त्या केशवाचा पुन्हा विठोबा, अशा चार पिढ्या दोनच नावांवर निभावल्या आहेत आणि ‘विठोबा केशव’ हे नाव एका पिढीआड परत येते. पहिल्या विठोबाची जन्मनोंद वहीत ‘शके १८०२, विक्रमनाम संवत्सर, माघ शु. ५’ अशी आहे. दुसऱ्याची भावाच्या फाइलमध्ये ‘शके १८६२, विक्रमनाम संवत्सर’ एवढीच होती. संवत्सर एकच आहे हे पाहून मला वाटले, भावाने वहीच्या झेरॉक्समधील शून्य सहा असे वाचले असावे, कारण त्या पानावर शाई फुटलेली आहे. दोघांना एक करून टाकले.

चूक उघडकीला आली ती पंधरा दिवसांनी. वंशवृक्षाचा मोठा कागद छापून मी विठोबाकाकांकडे नेला. काका पंचाऐंशीच्या घरातले, दृष्टी अजून शाबूत. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवले, ते वर केशवावर नेले, तिथून आणखी वर नेले, तर बोट पुन्हा त्यांच्याच नावावर येऊन थांबले. “म्हणल्यार हांव म्हजोच आजो?” एवढेच म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिला.

आयातीच्या आधीची एक प्रत माझ्याकडे आहे, परंतु आयातीनंतर मी दीडशेच्या वर नवीन नोंदी केल्या आहेत, त्या पुन्हा करण्याचे जिवावर येते. या दोघांना वेगळे करण्याचा मार्ग आहे का? आणखी अशा किती जोड्या चुकल्या असतील, ते शोधावे कसे? दुसरे म्हणजे नावांचे काय करावे? वहीत ‘केशव शेणवी’ असे आहे, पोर्तुगीज काळातील दाखल्यावर ‘केशोवा सिनाई’ असे, आणि आज आम्ही गावावरून पडलेले आडनाव लावतो. यांपैकी खरे कोणते धरावे? भावाच्या फाइलमधील लांब टिपांत मध्येच अक्षरे तुटून चौकोन आले आहेत, तेही एक कोडेच आहे.

जुनी फाइल, मडगाव (उत्तर)

नमस्कार. आपल्या काकांचा प्रश्न आमच्या घरी अजून दोन दिवस तरी निघणार आहे. पण घाबरू नका. आपली सामग्री शाबूत आहे, फक्त ती दोन ठिकाणी विखुरली आहे.

सर्वांत आधी आजच्या स्थितीची प्रत काढून ठेवा, चुकीची असली तरी. ती ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या एक्सएमएल स्वरूपात काढा, जेडकॉममध्ये नव्हे, कारण स्थळांची उतरंड आणि इतर काही गोष्टी जेडकॉममध्ये जाताना गळतात. डेटाबेस तपासून दुरुस्त करणारे साधन या कामासाठी चालवू नका. ते तुटलेले दुवे जोडते. कोण कोणाचा आजोबा हे त्याला कळत नाही.

एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा फोडण्याचे बटण ग्रॅम्प्समध्ये नाही. ‘अनडू’ चालते, पण वंशावळ बंद केली की तो इतिहास पुसला जातो. परंतु दोन व्यक्ती एकत्र केल्यावर जी नोंद नाहीशी होते, तिचा क्रमांक उरलेल्या व्यक्तीच्या ॲट्रिब्यूटांमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या जादा माहितीत, ‘मर्ज्ड ग्रॅम्प्स आयडी’ या नावाने शिल्लक राहतो. हे ॲट्रिब्यूट असलेल्या व्यक्ती दाखवणारा फिल्टर तयार करा, म्हणजे त्या रात्रीच्या सत्तरच्या सत्तर जोड्या आपल्यासमोर यादीने उभ्या राहतील. आणखी किती जोड्या चुकल्या, या आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

आता आयातीपूर्वीची प्रत एका नव्या, वेगळ्या वंशावळीत उघडा आणि भावाची जेडकॉम फाइल आणखी एका रिकाम्या वंशावळीत आयात करा. या दोन्हींत काहीही बदलायचे नाही. त्या फक्त पाहण्यासाठी. यादीतील प्रत्येक नाव या दोन वंशावळींत शोधून आई, पत्नी आणि मृत्यूचे वर्ष ताडून पाहा. बापाचे नाव जुळणे हा आपल्याकडे पुरावाच होत नाही, ते आपण अनुभवले आहेच. पत्नीचे माहेर जुळले तर मात्र चूक होण्याची शक्यता फारच कमी उरते. दीडशे नव्या नोंदी टाकून देऊन मागे जाण्यापेक्षा हे काम लहान आहे, कारण बहुतेक जोड्या बरोबरच निघतील.

विठोबांना वेगळे करताना क्रम सांभाळा. एक नवी व्यक्ती तयार करा आणि तिला धाकटा विठोबा समजा. मग धाकट्या केशवाच्या, म्हणजे काकांच्या वडिलांच्या, कुटुंबाची नोंद उघडून मुलांच्या यादीतून मिसळलेली व्यक्ती काढा आणि तिच्या जागी नवी व्यक्ती घाला. कुटुंबातून मूल काढले तरी व्यक्ती पुसली जात नाही, फक्त दुवा सुटतो. काकांच्या स्वतःच्या संसाराच्या कुटुंबातही तसेच करा. एवढे झाले की चक्र तुटते. त्यानंतर घटना. ग्रॅम्प्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू या घटना स्वतंत्र वस्तू असतात आणि व्यक्तीकडे त्यांचा केवळ दुवा असतो, म्हणून शके १८६२ची जन्मघटना आधी नव्या व्यक्तीला ‘शेअर’ करून जोडा आणि मगच जुन्या व्यक्तीवरून काढा. उलट क्रमाने केलेत, तर घटना बेवारस होऊन घटनांच्या लांब यादीत पडते आणि तिथून ती हुडकणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. घटनेला जोडलेला आधार घटनेबरोबरच जातो, त्याची वेगळी काळजी नको. व्यक्तीला थेट चिकटवलेल्या टिपा आणि छायाचित्रे मात्र एकेक पाहूनच वाटावी लागतील.

पिता-पुत्रांना किंवा पती-पत्नींना एकत्र करू लागलात तर ग्रॅम्प्स अडवतो. आजोबा-नातवाला अडवत नाही. आपल्या रीतीप्रमाणे नाव नेमके आजोबा-नातवाचेच सारखे असते, तेव्हा हा पहारा आपल्या उपयोगाचा नाही.

आता मूळ कारणाकडे येतो, कारण ते संगणकाच्या बाहेरचे आहे. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असते. शके १८०२ विक्रमनाम, तसेच साठ वर्षांनी येणारे शके १८६२ही विक्रमनामच. जुन्या नोंदी वाचताना संवत्सराचे नाव हा फार चांगला ताळा आहे. अंक एकाने किंवा दहाने चुकला तर संवत्सर जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. फक्त साठाची चूक त्याला पकडता येत नाही. आणि आजोबा-नातवाच्या वयातील अंतर बहुधा पन्नास ते सत्तर वर्षांचे असते! म्हणजे जिथे ताळा आंधळा होतो, नेमके तिथेच आपण आपल्या मुलांना तेच नाव ठेवतो.

म्हणून तारखा नुसत्या मजकूर म्हणून ठेवू नका. ग्रॅम्प्समध्ये इस्लामी, हिब्रू, फार्सी, एवढेच काय फ्रेंच क्रांतीचेही पंचांग आहे, पण शालिवाहन शक नाही. ‘शके १८०२’ असे लिहिले की ते त्याच्या दृष्टीने केवळ अक्षरे असतात आणि त्यांवरून वयाचा हिशोब होत नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. तेव्हा माघ शके १८०२ म्हणजे १८८०चा नव्हे, १८८१चा आरंभ. इसवी सनाची तारीख मुख्य रकान्यात घाला आणि मूळ तिथी त्याच खिडकीतील टिप्पणीच्या जागेत लिहा. सगळ्या तारखा अशा झाल्या की माहिती पडताळण्याचे साधन चालवून पाहा. साठाव्या वर्षी प्रसूत झालेल्या माता आणि चौथ्या वर्षी लग्न झालेले पुरुष ते आपोआप बाहेर काढते.

चौकोनांचे कारण किरकोळ आहे. जेडकॉमच्या ५.५.१ या आवृत्तीत एका ओळीची कमाल लांबी २५५ चिन्हे ठरलेली आहे, लांब मजकूर पुढच्या ओळीवर तोडून न्यावा लागतो. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. एखादी प्रणाली चिन्हे न मोजता बाइट मोजून ओळ तोडू लागली, की चिन्हच मधोमध कापले जाते आणि चौकोन उमटतो. २०२१मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत असे तोडणे काढून टाकले आहे. भावाच्या प्रणालीत ती सोय असेल तर फाइल नव्याने मागवा. नसेल तर टिपा ईमेलने मागवून हाताने चिकटवा.

दप्तरवाला, पणजी (उत्तर)

मडगावकरांनी यंत्राची बाजू चोख सांगितली आहे. मी नावांविषयी लिहितो, कारण आयुष्याचा बराच काळ पोर्तुगीज कागद वाचण्यात गेला आहे.

‘खरे कोणते’ हा प्रश्नच सोडून द्या. पोर्तुगीज कारकून कानाने ऐकून आपल्या वर्णमालेत लिहीत असे. ‘श’साठी त्याच्याजवळ एक्स हे अक्षर होते, ‘के’साठी क्यू, आणि कित्येक शब्दांच्या अंती तो अनुनासिक जोडत असे. त्यामुळे केशव ‘केशोवा’ झाला, प्रभू ‘पोरोबो’, कामत ‘कामोतिम’, भट ‘बोटो’ आणि शेणवी ‘सिनाई’. हे अशुद्धलेखन नव्हे, ती त्या दप्तराची पद्धत होती. काही घराण्यांनी तीच रूपे पुढे आडनाव म्हणून स्वीकारली आणि आजही ती लावतात, तेव्हा ती पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ग्रॅम्प्समध्ये एका व्यक्तीला कितीही पर्यायी नावे देता येतात आणि प्रत्येक नावाला स्वतःचा आधार जोडता येतो. माझी पद्धत अशी की, मुख्य नाव घरात ज्या रूपात बोलले जाते त्या रूपात देवनागरीत ठेवावे; दाखल्यावरील रूप जसेच्या तसे पर्यायी नाव म्हणून घालावे आणि त्याला त्या दाखल्याचाच आधार द्यावा. तीनही आडनावांचे लोक यादीत एकत्र दिसावेत असे वाटत असेल, तर नावाच्या खिडकीत ‘ग्रुप अ‍ॅज’ म्हणून जागा आहे, तिथे आजचे आडनाव लिहा. मूळ नोंदीला धक्का न लागता यादी सरळ होते.

आणखी एक सूचना. बापाचे नाव व्यक्तिनामाच्या रकान्यात लिहू नका. आपण ‘विठोबा केशव’ असे एकाच रकान्यात लिहिले असणार, म्हणूनच दुहेरी शोधणाऱ्या साधनाला दोघे हुबेहूब एकसारखे दिसले. ग्रॅम्प्समध्ये एका नावाला अनेक आडनाव-घटक देता येतात आणि प्रत्येकाचा उगम सांगता येतो. बापाचे नाव तिथे ‘पॅट्रोनिमिक’ म्हणून नोंदवा. ‘थोरले’, ‘धाकटे’ ही विशेषणेही नावात नकोत. टोपणनावाच्या जागेत घाला. आमच्या घरात एक ‘थोरले’ असे आहेत की ज्यांच्यापेक्षा थोरले आणखी दोघे पुढच्या शोधात निघाले.

तारखांविषयी मात्र मडगावकरांशी माझा थोडा मतभेद आहे. तिथीची इसवी तारीख आपण काढतो तेव्हा ती आपली गणना असते, पुरावा नव्हे. अधिक मास, तिथीचा क्षय, लिहिणाऱ्याचा हात, यांपैकी कशानेही एखादा दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून अशा तारखेचा दर्जा ‘कॅल्क्युलेटेड’ ठेवावा आणि वहीतील ओळ शब्दशः आधाराच्या टिपेतही उतरवून घ्यावी. शंभर वर्षांनी कोणी तपासले तर त्याला आपली गणना खोडता आली पाहिजे.

आपल्या दोन विठोबांचा वाद एका कागदावर मिटेल. धाकट्यांचा जन्म शके १८६२चा, म्हणजे १९४०-४१मधला, तेव्हा त्यांची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे असायला हवी. संक्षिप्त दाखला मागू नका, संपूर्ण नोंदीची नक्कल मागा. पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीत आईबापांबरोबर बापाकडचे आणि आईकडचे आजी-आजोबाही लिहिण्याची पद्धत होती. ‘विठोबा, बाप केशव, आजोबा विठोबा’ अशी ओळ सापडली की प्रश्न संपला, शिवाय आजोळचे एक दार उघडते ते वेगळेच.

स्थळांबाबत एक लहान दुरुस्ती. केळशीला आपण साष्टीत धरले आहे. जुन्या कागदांच्या दृष्टीने ते योग्य, पण आज केळशी मुरगाव तालुक्यात आहे. ग्रॅम्प्समध्ये एक स्थळ दुसऱ्या स्थळाच्या पोटात कोणत्या काळात होते, हे तारखेसह नोंदवता येते. गाव एकच ठेवा आणि वरची पायरी बदला: १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीज अंमल, नंतर गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश, आणि ३० मे १९८७पासून गोवा राज्य. ‘फोंडा, गोवा, भारत’ असे १८८१च्या जन्मापुढे लिहिलेले पाहिले की मला तरी खटकते.

साखळीची लेक (उत्तर)

नमस्कार. वरील दोन्ही उत्तरे वाचली. तिघाही गृहस्थांच्या लिखाणात विठोबा आणि केशव यांची चौकशी झाली, पण त्यांना जन्म देणाऱ्या बायकांची नावे कोणी विचारली नाहीत, म्हणून लिहिते. पत्नीचे माहेर जुळले तर जोडी पक्की, असे मडगावकर म्हणतात. ते माहेर नोंदवलेले असेल तर ना!

वहीत स्त्रिया कशा येतात ते आपण पाहिले असेलच: ‘भार्या लक्ष्मी’, पुढे काही नाही. महाजनांचा कॅटलॉग पुरुषांच्या वंशानेच चालतो, त्यात मुली नाहीत. लग्नात मुलीचे नाव बदलायचे, त्यामुळे माहेरच्या कागदातील रमा आणि सासरच्या कागदातील लक्ष्मी या एकच आहेत, हे प्रणालीला तर सोडाच, पणतवंडांनाही कळत नाही. माझ्या फाइलमध्ये माझी एक पणजी तब्बल दोन वर्षे दोन स्वतंत्र बायका म्हणून नांदत होती. आपल्या घरी दोन माणसे एक झाली, आमच्याकडे एकीच्या दोन.

माझा शिरस्ता असा आहे: मुख्य नाव जन्माचे, सासरचे नाव ‘मॅरीड नेम’ या प्रकाराने पर्यायी, त्याला लग्नाची तारीख, आणि घरात जी हाक मारीत असत ती, म्हणजे माई, वयनी, आका, टोपणनावाच्या जागेत. जन्माचे नाव ठाऊक नसेल तर तो रकाना रिकामा ठेवते. सासरचे नाव तिथे भरत नाही. रिकामा रकाना डोळ्यांत सलत राहतो आणि शोध चालू राहतो.

हा शोध कुठे करावा, तेही सांगते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे मुलगाही वारस आणि मुलगीही वारस. त्यामुळे मालमत्तेच्या वाटणीसाठी झालेल्या इन्व्हेंटरीच्या (मयताची मालमत्ता आणि वारस नोंदवण्याच्या प्रक्रियेच्या) कागदांत आणि वारसांच्या दस्तात मयताच्या सगळ्या मुली त्यांच्या नवऱ्यांसह लिहिलेल्या सापडतात. संहितेच्या या भागाची जागा आता गोव्याच्या २०१२च्या वारसा कायद्याने घेतली आहे, पण इन्व्हेंटरी त्यातही आहेच. वंशावळीत ज्या मुलींना जागा मिळाली नाही, त्या जमिनीच्या कागदात निमूटपणे सापडतात. आमच्या माहेरच्या चार आत्या मला अशाच एका इन्व्हेंटरीत मिळाल्या. वहीत त्या शाखेला ‘पुत्र दोन’ एवढेच लिहिले होते. मात्र एक लक्षात ठेवावे: जी मुलगी बापाच्या आधी निःसंतान वारली, ती या कागदातही येत नाही. तिच्यासाठी घरातील म्हाताऱ्यांनाच विचारावे लागते, आणि ते लवकर विचारलेले बरे.

दत्तकाचाही विसर पडू देऊ नका. कुटुंबातील मुलाचे नाते आईशी आणि बापाशी वेगवेगळे नोंदवता येते; जन्मदाते आणि दत्तक घेणारे, अशी दोन्ही कुटुंबे ठेवा. नाहीतर एक दिवस कोणीतरी त्यांनाही ‘दुहेरी’ समजून एकत्र करील.

भावाला फाइल परत पाठवाल, तेव्हा हयात माणसे वगळून निर्यात करा. निर्यातीच्या वेळी तसा पर्याय येतो.

अंत्रुजकर, फोंडा

तिघांचेही मनापासून आभार. उशिरा लिहितो आहे, कारण काम संपल्यावरच लिहायचे ठरवले होते.

‘मर्ज्ड ग्रॅम्प्स आयडी’चा फिल्टर लावला, तेव्हा ७३ जोड्या निघाल्या. दोन रिकाम्या वंशावळी शेजारी उघडून त्या सर्व ताडल्या; रोज रात्री दहापेक्षा जास्त नाही, आणि कॉफी घेऊन. ६८ बरोबर होत्या. विठोबांखेरीज आणखी तीन चुकल्या होत्या, त्या तिन्ही आजोबा-नातवांच्याच. सांगितलेल्या क्रमाने चारही वेगळ्या केल्या. एकदा घाईत घटना आधी काढली आणि नंतर जोडायला गेलो. ती घटनांच्या यादीत सापडेपर्यंत अर्धा तास गेला, तेव्हा गवताच्या गंजीचा अर्थ कळला.

काकांच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल काढली. त्यात नाव ‘विटोबा’ असे आहे, जन्म नोव्हेंबर १९४०, आणि बापाकडचे आजोबा म्हणून पुन्हा ‘विटोबा’. आईकडच्या आजीचे नावही त्यात आहे, जे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते; काकांनाही नाही. त्यांनी ते नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

साखळीच्या ताईंचे म्हणणे मनाला लागले. फाइलमधील स्त्रियांचा फिल्टर लावून पाहिला, तर २७० स्त्रियांपैकी १४१ जणींचे माहेर रिकामे आहे. त्यांना एक वेगळा रंगीत टॅग लावून ठेवला आहे. पणजोबांच्या वाटणीची इन्व्हेंटरी झाली होती असे काका म्हणतात, तिच्या कागदांसाठी पुढच्या आठवड्यात अर्ज करीन.

७३पैकी एक जोडी अजून अनिर्णित आहे. दोघांचे नाव दत्ताराम, बाप रामचंद्र, दोघांची पत्नी वहीत ‘सीता’, आणि जन्मसाल कोणाचेच नाही. कॅटलॉगात एक दत्ताराम आहे, पण तो यांतला कोणता, ते ठरत नाही. आयातीपूर्वीच्या प्रतीवरून त्यांना पुन्हा वेगळे केले, दोघांवर ‘तपासणे’ असा टॅग लावला आणि एकाच्या टिपेत दुसऱ्याचा क्रमांक लिहून ठेवला.